1908 : जिंकलेला सामना बरोबरीत कसा सुटला?

प्रश्न असा आला आहे : "1908 साली अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये न्यू यॉर्क जायंट्सचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत धावला नाही आणि त्यापायी संघाचा अख्खा मोसम हातचा गेला, असं वाचलं. पण विजयी धाव तर निघाली होती ना? मग जिंकलेला सामना पंचांनी बरोबरीत कसा सोडवला? चूक खरंच मर्कलची होती का? मला क्रिकेट कळतं, बेसबॉल जेमतेम."

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत शाळांच्या आणि हौशी क्लबांच्या बेसबॉल सामन्यांत अंपायरिंग करतो. त्याआधी मुंबईत मैदानावरच्या क्रिकेटचं स्कोअरिंग केलं, तंबूत बसून, कानाला पेन्सिल लावून. आम्हा पंचांची खोली म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी गाडीची डिकी. तिथे पॅड काढता काढता 1908 चा विषय निघाला की वाद ठरलेला. माझी बाजू आधी सांगतो. मर्कल चुकला. निर्णय नियमाला धरून होता. पण त्या निर्णयाचं मूळ त्याच्या एकोणीस दिवस आधी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच एका सामन्यात आहे. आणि मोसम मर्कलमुळे गेला हे मला मुळीच मान्य नाही.

नियम समजला की अर्धं कोडं सुटतं, म्हणून तो आधी.

मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणं : फलंदाज उभा राहतो ती होम प्लेट, म्हणजे घर, आणि पुढे तीन बेस. तिन्ही बेस फिरून घरी परत आलं की एक धाव. फलंदाजाने चेंडू मैदानात मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तिथे आपलाच माणूस उभा असेल तर त्याला जागा खाली करून दुसऱ्या बेसकडे सुटावं लागतं, कारण एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. असं सक्तीने पळणाऱ्याला बाद करायला त्याच्या अंगाला चेंडू लावावा लागत नाही. तो पोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन त्या बेसवर पाय ठेवला की काम झालं. याला म्हणतात फोर्स आउट. तीन आउट झाले की संघाचा डाव संपतो. हा तिसरा आउट असा फोर्सने झाला, तर त्या फटक्यावर कुणी घरी पोचलेलं असलं तरी त्याची धाव धरत नाहीत. तो आउटच्या आधी पोचला असला तरीही नाही.

क्रिकेटवाल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. एकेरी धाव घेताना एक फलंदाज आरामात पोचला आणि दुसरा अर्ध्या वाटेत धावबाद झाला, तर ती धाव मिळते का? नाही मिळत. धाव पुरी व्हायला दोघांनी पोचायचं असतं. इथेही तेच, फक्त पोचायच्या जागा वेगळ्या.

नियम जुनाच होता, पुस्तकात छापलेला होता. पण शेवटच्या डावात विजयी फटका बसला, तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी पोचला, की बाकीचे जिथे असतील तिथून सरळ वळून पळत सुटायचे. क्षेत्ररक्षण करणारेही मान खाली घालून निघायचे. पंचसुद्धा. कुणी दुसऱ्या बेसवर पाय टेकला का, हे बघायला तिथे कुणी थांबतच नसे. 1947 साली सिडनीत विनू मांकडांनी नॉन-स्ट्रायकर टोकाला बिल ब्राउनला बाद केलं, तेव्हा नियम त्यांच्या बाजूने होता आणि रिवाज विरुद्ध. त्याच दौऱ्यात, कसोटीच्या आधीच्या एका सामन्यात, त्यांनी ब्राउनला आधी ताकीद देऊन मग तसंच बाद केलं होतं. म्हणजे कसोटीत जे झालं ते काही आकाशातून पडलं नव्हतं. 1908 लाही असंच आहे, आधीचा सामना बघितल्याशिवाय नंतरचा कळत नाही.

तो काळ कसा होता हे थोडं सांगायला हवं, नाहीतर एका धावेसाठी लोक इतके का पेटले ते समजणार नाही.

तेव्हा दोन लीग होत्या, नॅशनल आणि अमेरिकन, आठ-आठ संघांच्या. प्रत्येकाने मोसमात 154 सामने खेळायचे. सगळे संघ देशाच्या पूर्व भागात आणि मध्यात. सेंट लुईसच्या पश्चिमेला एकही नाही. प्रवास आगगाडीने. मैदानावर दिवे नाहीत, त्यामुळे खेळ दुपारी उशिरा सुरू व्हायचा आणि अंधार पडला की थांबायचा. न्यू यॉर्क आणि पिट्सबर्गमध्ये रविवारी खेळायला कायद्याने बंदी, शिकागोत चालायचं. खेळाडूला आपल्या मर्जीने क्लब बदलता यायचा नाही. करारातल्या एका कलमाने क्लब त्याला वर्षानुवर्षं बांधून ठेवू शके.

आणि चेंडू! आता एका सामन्यात डझनावारी चेंडू बदलतात. तेव्हा एकच चेंडू शक्य तितका चालवायचे. प्रेक्षकांत गेला तरी परत मागायचे. तंबाखूची थुंकी, माती, घाम लागून दोन तासांत तो काळा आणि मऊ पडायचा; संध्याकाळच्या उजेडात दिसायची मारामार. चेंडूला थुंकी लावून तो फिरवणं तेव्हा नियमात बसत होतं. आपल्याकडे लाळ लावून एक बाजू चमकवायचे त्याच्या चार पावलं पुढे. परिणाम काय, तर 1908 मध्ये दोन्ही लीगची फलंदाजीची सरासरी .239, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींत 239 यशस्वी फटके (हिट), एवढीच राहिली आणि एका संघाला एका सामन्यात सरासरी साडेतीन धावाही मिळत नव्हत्या. शिकागो व्हाइट सॉक्स या संघाने अख्ख्या मोसमात मिळून तीन होमरन (एकाच फटक्यावर फलंदाज सगळे बेस फिरून घरी पोचतो तो) मारले. वाचताना चुकल्यासारखं वाटेल, पण तीनच. त्याच संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एड वॉल्श 464 डाव टाकून 40 सामने जिंकला. जायंट्सच्या क्रिस्टी मॅथ्यूसनने 37 जिंकले. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर अशा काळात .354 ने खेळला, म्हणून जाणकार त्या वर्षाच्या त्याच्या फलंदाजीला इतकं मानतात.

असा खेळ 1-0, 2-1 असाच संपायचा. एक धाव म्हणजे बरेचदा सामना, आणि त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये एक सामना म्हणजे अजिंक्यपद. शिकागो कब्ज, न्यू यॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरट्स हे तिघं ऑगस्टपासून एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते. कब्ज आदल्या वर्षीचे विजेते. जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ म्हणजे पंचांशी भांडायला जन्मलेला माणूस. आपल्याकडे पूर्वी रेडिओच्या दुकानापुढे गर्दी करून लोक कॉमेंट्री ऐकायचे ना, तसे तिकडे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर लोक जमायचे. तारेने स्कोअर यायचा आणि मोठ्या फळ्यावर लावायचे. जायंट्सच्या घरच्या सामन्यांना त्या मोसमात 9,10,000 लोक आले.

आता 4 सप्टेंबर. पिट्सबर्ग. पायरट्स विरुद्ध कब्ज. ठरलेले नऊ डाव बरोबरीत संपले, दहाव्या जादा डावातही 0-0. पायरट्सचे तिन्ही बेस भरलेले, दोघं आउट. ओवेन विल्सनने सेंटरफिल्डला, म्हणजे पिचरच्या पाठीमागे दूर मैदानात, फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा फ्रेड क्लार्क घरी आला, सामना संपला. पहिल्या बेसवर वॉरन गिल नावाचा नवखा होता. तो दुसऱ्याकडे निघाला आणि पोचायच्या आधीच रिवाजाप्रमाणे वळला. कब्जचा जॉनी एव्हर्स दुसऱ्या बेसवर उभा राहून चेंडू, चेंडू म्हणून ओरडला, चेंडू घेतला, बेसवर पाय ठेवला आणि पंचांकडे गेला.

हा एव्हर्स म्हणजे हडकुळा, चिडका, आणि नियमांचं पुस्तक झोपतानाही वाचणारा, अशी त्याची ख्याती. शेजारी उभ्या राहणाऱ्या जो टिंकरशी त्याचा अबोला होता, कित्येक वर्षं. दोघं मिळून जगातली सर्वांत सफाईदार जोडी म्हणून नावाजलेले आणि एकमेकांशी एक शब्द नाही. असो.

पंच होते हँक ओडे. एकटेच. हे लक्षात घ्या. तेव्हा लीगच्या बहुतेक सामन्यांना एकच पंच असे. एका माणसाने पिचरचा चेंडू बघायचा, घरी येणारा बघायचा, बाहेर पडलेला फटका बघायचा, आणि त्याच वेळी पाठीमागे पहिल्याहून दुसऱ्याकडे कोण गेला तेही. ओडेंनी एव्हर्सला सांगितलं, मी ते पाहिलेलं नाही. कब्जनी लीगकडे तक्रार केली. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली, कारण पंचांनी पाहिलंच नसेल तर त्यावर निर्णय कसा द्यायचा? पायरट्स 1-0 ने जिंकले ते जिंकलेच.

इथे मी अंपायर म्हणून बोलतो. "मी पाहिलं नाही" हे आमच्या धंद्यातलं सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत जिव्हारी लागणारं वाक्य आहे. ते म्हणून माणूस घरी जातो, जेवतो आणि रात्री छताकडे बघत पडतो. मुद्दा तर बरोबर होता. मला का दिसलं नाही? पुन्हा असं झालं तर? एव्हर्सचं म्हणणं योग्य होतं हे ओडेंनी नंतर मान्य केल्याचं सांगतात. ते नसतं सांगितलं तरी मी पैजेवर सांगितलं असतं की त्या दिवसानंतर हँक ओडेंची नजर शेवटच्या फटक्यावर पहिल्या बेसवरच्या माणसामागे गेली असणार. स्वतः जुने पिचर होते ते. 1880 च्या दशकात लीगमध्ये खेळलेले. खेळाडूंची ही सवय त्यांच्या पायातही असणार.

23 सप्टेंबर, बुधवार. न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स विरुद्ध कब्ज. गुणतालिकेत दोघांमधला फरक नावापुरता. या वेळी पंच दोन. होम प्लेटमागे तेच हँक ओडे, बेसवर बॉब एम्स्ली. जायंट्सचा नेहमीचा पहिल्या बेसचा खेळाडू फ्रेड टेनी याची कंबर धरली होती. त्या अख्ख्या मोसमात तो चुकवलेला हा एकच सामना. त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा मर्कल.

कब्जची धाव टिंकरने मॅथ्यूसनला मैदानातल्या मैदानात पळून काढलेल्या होमरनची. जायंट्सनी एक करून बरोबरी साधली. नवव्या डावाचा उत्तरार्ध, 1-1, दोघं आउट. पहिल्या बेसवर मूस मकॉर्मिक. मर्कलने उजवीकडे सुरेख फटका मारला आणि मकॉर्मिक तिसऱ्यावर पोचला. हे लोक विसरतात. विजयी धाव तिसऱ्या बेसवर नेऊन ठेवली ती मर्कलनेच. मग अल ब्रिडवेलने पहिल्याच चेंडूवर दुसऱ्या बेसजवळून सरळ सेंटरफिल्डला मारला. चेंडू इतका जोरात आला की तो चुकवायला एम्स्ली जमिनीवर पडले. मकॉर्मिक घरी आला. लोक मैदानात घुसले.

पोलो ग्राउंड्सची एक खोड समजून घ्या. खेळाडूंचं क्लबहाऊस सेंटरफिल्डच्या पलीकडे होतं आणि प्रेक्षकांना बाहेर पडायची वाटही मैदानातूनच. सामना संपला की हजारो माणसं गवतावर उतरायची. खेळाडूंनी त्यांच्या आधी क्लबहाऊस गाठायचं, नाहीतर टोपी, ग्लोव्ह, शर्टाच्या बाह्या काहीच शाबूत राहायचं नाही. मर्कलने मकॉर्मिकला घरी जाताना पाहिलं, लोंढा पाहिला आणि दुसऱ्या बेसच्या अलीकडूनच क्लबहाऊसकडे वळला.

पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय झालं याच्या जितक्या तोंडी तितक्या कहाण्या. पक्कं एवढं, की एव्हर्स पुन्हा दुसऱ्या बेसवर उभा राहून चेंडू मागत होता. सेंटरफिल्डवरून सॉली हॉफमनने फेकलेला चेंडू गर्दीत भरकटला. जायंट्सचा जो मॅगिनिटी तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून उभा होता. त्याला एव्हर्सचा डाव कळला आणि तो चेंडूवर झडप घालून कब्जच्या खेळाडूंशी झोंबू लागला. त्याने चेंडू गर्दीत भिरकावला असं म्हणतात. मग एव्हर्सच्या हातात चेंडू आला. तोच होता की दुसराच कुठला, यावर लोक मरेपर्यंत भांडले. एव्हर्सने बेसवर पाय ठेवला आणि एम्स्लींना विचारलं. एम्स्ली जमिनीवर पडलेले, त्यांना मर्कल दिसलाच नव्हता. त्यांनी ओडेंना विचारलं. ओडेंनी या वेळी पाहिलं होतं. मर्कल आउट. धाव नाही. सामना 1-1.

चेंडू तोच होता का, यावर मला विचाराल तर मी तो वाद बाजूला ठेवीन. कोचने जिवंत चेंडू पकडून फेकून दिला असेल तर तो थेट अडथळा आहे, आणि तेवढ्यावरही धावणारा आउट देता येतो. निर्णय दोन्ही वाटांनी तिथेच पोचतो.

पण ओडेंची मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती फारसं कुणी बोलत नाही. निर्णय त्यांनी मैदानाच्या मध्ये उभं राहून, हात वर करून, सगळ्यांना दिसेल असा दिला नाही. पोलिसांच्या कड्यातून बाहेर पडले. बऱ्याच लोकांना आपण जिंकलो नाही हे दुसऱ्या दिवशी पेपर वाचून कळलं. नियमाप्रमाणे मैदान मोकळं करून दहावा डाव सुरू करायला हवा होता. ते शक्य नसेल तर, घरच्या संघाला गर्दी आवरता आली नाही म्हणून, सामना कब्जना देऊन टाकायचा. ओडेंनी दोन्ही केलं नाही, अंधार पडत होता म्हणून बरोबरी घोषित केली. मी तिथे असतो तर काय केलं असतं? खरं सांगू? मीही पोलिसांमागे चालू लागलो असतो. काही वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेच्या सामन्यात मी अगदी हाच निर्णय दिला. तिन्ही बेस भरलेले, दोघं आउट, विजयी फटका, आणि पहिल्यावरचा पोरगा दुसऱ्याकडे जायच्याऐवजी मित्राच्या गळ्यात पडायला धावला. विरुद्ध संघाच्या कोचने चेंडू मागवला. प्रेक्षक होते साठ-सत्तर, सगळे आईबाप, दारू प्यालेलं कुणी नाही. तरी हात वर करताना माझा घसा कोरडा पडला होता. पोलो ग्राउंड्सवर त्या दिवशी वीस हजार माणूस होता.

दुसऱ्या दिवसापासून पेपरांनी मर्कलला धारेवर धरलं. मठ्ठ डोक्याचा, या अर्थाचं जे टोपणनाव चिकटलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. तक्रारी दोन्हीकडून गेल्या. जायंट्स म्हणाले, आम्ही जिंकलो. कब्ज म्हणाले, सामना आम्हाला द्या. पुलियम यांनी पंचांचा निर्णय उचलून धरला. अपील झालं, आणि लीगच्या संचालक मंडळाने ठरवलं की मोसमाअखेर गरज पडली तर हा सामना पुन्हा खेळवायचा.

गरज पडायलाच नको होती, आणि माझं खरं म्हणणं इथे आहे. 23 सप्टेंबरनंतर जायंट्सच्या हातात दोन आठवडे होते. त्यांच्या वाटेत आलं फिलाडेल्फिया, आणि फिलाडेल्फियाचा हॅरी कोव्हलेस्की. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला कोवळा पिचर, मोठ्या लीगमध्ये कालपरवा आलेला. 29 सप्टेंबर, 1 ऑक्टोबर आणि 3 ऑक्टोबर : पाच दिवसांत त्याने जायंट्सना तीनदा हरवलं. तीनदा! यातला एक सामना जायंट्सनी जिंकला असता तरी मर्कलचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. त्याच सुमारास, 26 सप्टेंबरला, कब्जच्या एड रॉयलबाखने ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन्ही सामने टाकले आणि दोन्हींत एकही धाव दिली नाही. हे त्याच्या आधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही. कब्ज असे खेळत होते आणि जायंट्सचे पाय चिखलात रुतत होते. दोष मात्र पोराचा.

4 ऑक्टोबरला शिकागोत कब्जनी पायरट्सना 5-2 ने हरवलं आणि पायरट्स 98 जिंकून आणि 56 हरून, म्हणजे 98-56 वर, थांबले. जायंट्सनी मग बोस्टनचे तिन्ही सामने जिंकले. हिशोब झाला कब्ज 98-55, जायंट्स 98-55. म्हणजे 23 सप्टेंबरचा सामना पुन्हा खेळायचाच.

8 ऑक्टोबर. पोलो ग्राउंड्सची दारं बंद करावी लागली. लोक कुंपण मोडून आत आले, बाकीचे कूगन्स ब्लफ नावाच्या टेकाडावर, झाडांवर, जवळून जाणाऱ्या उन्नत रेल्वेच्या खांबांवर. तिथून पडून अग्निशामक दलाचा एक माणूस मेला. सामन्याआधी आणखी एक प्रकार घडला. जायंट्सच्या संघाच्या डॉक्टरने पंच बिल क्लेम यांना 2,500 डॉलरची लाच देऊ केली. क्लेम आणि जिम जॉनस्टोन या दोघा पंचांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही आणि लीगला कळवलं. त्या डॉक्टरला पुढे कायमचं मैदानाबाहेर काढलं. पैसे मुळात कुठून आले याची चौकशी मात्र फार खोल गेली नाही. चौकशी समितीवर जायंट्सचेच मालक होते, मग काय जाणार?

कब्जचा जॅक फीस्टर पहिल्याच डावात डळमळला, एक धाव गेली. मॅनेजर फ्रँक चान्सने क्षणाचाही वेळ न घालवता मॉर्डेकाय ब्राउनला आणलं. ब्राउन इंडियानाच्या शेतावर वाढलेला. लहानपणी गुरांचा चारा कापायच्या यंत्रात उजव्या हाताची तर्जनी गेली, पुढे पडून उरलेली बोटंही वाकडी झाली. त्या मोडक्या हातातून सुटलेला चेंडू असा काही वळायचा आणि बुडायचा की धडधाकट हाताच्या पिचरांना ते जमेना. तिसऱ्या डावात पुन्हा तोच टिंकर, पुन्हा तोच मॅथ्यूसन. सेंटरफिल्डर सी सीमोरच्या डोक्यावरून फटका, तीन बेस. त्यानंतर चार धावा झाल्या. सातव्या डावात जायंट्सनी एकही आउट न होता तिन्ही बेस भरले, पण हाती एकच धाव लागली. कब्ज 4-2. अंतिम तालिका : कब्ज 99-55, जायंट्स आणि पायरट्स दोघंही 98-56.

वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली मालिका, त्यानंतर उरकल्यासारखी झाली. अमेरिकन लीगमध्येही चुरस कमी नव्हती. डेट्रॉइट 90-63, क्लीव्हलँड 90-64, म्हणजे अर्ध्या सामन्याचा फरक. डेट्रॉइटचा पावसात वाहून गेलेला सामना खेळवलाच नाही, म्हणून हे अर्धं. तिकडच्या शर्यतीवर वेगळं उत्तर लिहावं लागेल. कब्जनी डेट्रॉइटला 4-1 ने हरवलं. शेवटच्या सामन्याला 6,210 प्रेक्षक होते, वर्ल्ड सीरिजच्या इतिहासातली सर्वांत कमी गर्दी. त्यानंतर कब्ज पुन्हा वर्ल्ड सीरिज जिंकले ते थेट 2016 मध्ये.

पुलियम यांच्यावर त्या हिवाळ्यात चहूबाजूंनी टीका होत राहिली. त्यांची प्रकृती ढासळली, आणि जुलै 1909 मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमध्ये आपलं आयुष्य संपवलं. एका सामन्याने माणूस मेला असं लिहिणारे आहेत. मी तसं लिहिणार नाही. माणसाच्या मनात काय काय साठलेलं असतं ते बाहेरून मोजता येत नाही. ओडे पुढेही बरीच वर्षं पंच राहिले, आणि 2013 साली त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

मर्कलला मॅग्रॉने दोष दिला नाही. उलट त्याचा पगार वाढवला, त्याला वर्षानुवर्षं पहिल्या बेसवर खेळवलं, सल्ला विचारला. तुसड्या माणसाचा हा एक गुण मी मानतो. मर्कल 1911, 1912, 1913, 1916 आणि 1918 अशा पाच वर्ल्ड सीरिज खेळला आणि पाचही वेळा त्याचा संघ हरला. 1918 ची कुणाकडून खेळला? शिकागो कब्जकडून.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर : मर्कलने नियम मोडला, पण सगळे जे रोज करत होते तेच केलं, आणि ते चालणार नाही याची खूण 4 सप्टेंबरला मिळालेली होती. तो सामना पेपरांत आला होता, तक्रार झाली होती. मॅग्रॉसारखा कसलेला मॅनेजर एव्हर्सविरुद्ध खेळतो आहे, तर आपल्या पोरांना, विशेषतः त्या मोसमात पहिल्या बेसवर पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणाऱ्या पोराला, एवढं सांगायला नको, की काहीही झालं तरी बेसला पाय लाव? मी दोष वाटायला बसलो तर मॅनेजरला जास्त देईन, तीन वेळा कोव्हलेस्कीपुढे हात टेकणाऱ्या फलंदाजांना त्याहून जास्त, आणि मर्कलला उरलेला.

पण माझ्यातल्या जुन्या स्कोअररला या सगळ्यांत वाईट वाटतं ते ब्रिडवेलचं. धावणारा फोर्सने आउट झाला तर फलंदाजाच्या नावावर हिट लागत नाही, असा नियम. 2010 साली डंबुल्लात सेहवाग 99 वर असताना सुरज रणदिवने नो-बॉल टाकला, जिंकायला हवी असलेली एक धाव त्यावरच झाली, आणि सेहवागने मारलेला षटकार वहीत चढलाच नाही. तसंच हे. नवव्या डावात, दोघं आउट असताना, पंचाला जमिनीवर लोळवणारा स्वच्छ फटका ब्रिडवेलने मारला, आणि स्कोअरबुकात त्याच्यापुढे काही नाही.